तयार गेमिंग संगणक घ्यावा की स्वतः जुळवावा: निर्णयापासून पहिल्या चाचणीपर्यंत

गेमिंग संगणक घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न बहुधा किमतीचा निघतो: सुटे भाग आणून स्वतः जोडले, तर किती पैसे वाचतील? प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे कायमचे उत्तर देता येत नाही. २०२० ते २०२२ या काळात चिप्सची टंचाई आणि क्रिप्टो मायनिंगची (ग्राफिक्स कार्डे वापरून आभासी चलन मिळवण्याची) मागणी यांमुळे सुटी ग्राफिक्स कार्डे जाहीर किमतीच्या दुपटीनेही विकली जात होती. त्या दिवसांत तयार संगणकात बसून आलेले कार्ड हाच अनेकांसाठी वाजवी किमतीचा मार्ग होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची पद्धत सोडल्यावर ही मागणी ओसरली आणि पारडे पुन्हा सुट्या भागांकडे झुकले. २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, तेव्हा जुन्या साठ्यावर किंमत ठरलेले तयार संगणक तुलनेने स्वस्त पडू लागले. म्हणून ‘जोडलेला संगणक स्वस्तच पडतो’ हे गृहीत न धरता, प्रत्यक्ष खरेदीच्या आठवड्यात हिशेब मांडून पाहावा.

माझ्या मते निर्णय ज्यांवर व्हायला हवा असे दोन प्रश्न किमतीहून महत्त्वाचे आहेत. पहिला, त्या कॅबिनेटच्या आत नेमके कोणते भाग आहेत हे तुम्हाला नावानिशी कळते का; आणि दुसरा, एखाद्या दिवशी संगणक सुरूच झाला नाही, तर दोष कोणत्या भागात आहे हे शोधून काढण्याचे काम कोणाचे. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बाकीचा निर्णय फारसा अवघड राहत नाही.

आधी मॉनिटर आणि खेळ ठरवा

संगणकाची ताकद किती हवी हे मॉनिटर ठरवतो. १९२० बाय १०८० या रिझोल्यूशनमध्ये दर चित्रासाठी सुमारे २०.७ लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके) रंगवावे लागतात, २५६० बाय १४४० मध्ये ३६.९ लाख आणि ३८४० बाय २१६० मध्ये ८२.९ लाख. म्हणजे १०८०पी (१९२० बाय १०८०) वरून थेट ४के (३८४० बाय २१६०) वर गेल्यास ग्राफिक्स कार्डापुढचे पिक्सेल चौपट होतात. त्याच्या जोडीला वेगही पाहावा लागतो: सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ चित्रे हवी असतील, तर जेमतेम ६.९.

यातून एक व्यवहार्य नियम निघतो. जे स्पर्धात्मक नेमबाजीचे खेळ कमी रिझोल्यूशनवर आणि फार वेगाने खेळतात, त्यांच्या संगणकात प्रोसेसर लवकर अपुरा पडतो. जे मोठ्या मॉनिटरवर दृश्यप्रधान खेळ खेळतात, त्यांचा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर येतो. म्हणून तुम्ही खरोखर खेळता ते तीन-चार खेळ, मॉनिटरचे रिझोल्यूशन आणि अपेक्षित वेग कागदावर लिहून ठेवावा. मॉनिटर अजून घेतलेला नसेल, तर त्याची रक्कम एकूण अंदाजपत्रकातून आधीच बाजूला काढावी.

जोडायचा नसला तरी स्वतःची यादी करा

हे काम बहुतेक जण टाळतात, आणि तेच सर्वांत उपयोगी आहे. तयार संगणक घ्यायचा असे जवळजवळ ठरलेले असले, तरी एकदा सुट्या भागांची पूर्ण यादी करून पाहावी, कारण तिच्याशिवाय तयार संगणकाची किंमत योग्य आहे की नाही हे ताडून पाहायला हाती काहीच नसते. भाग आठच आहेत: ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, प्रोसेसरचा कूलर, मदरबोर्ड (सर्व भाग जोडणारा मुख्य बोर्ड), रॅम, एसएसडी (साठवणीचा भाग), पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट.

सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून करावी. खेळांसाठीच संगणक घ्यायचा असेल, तर मॉनिटर वगळून उरलेल्या रकमेचा एक तृतीयांश ते निम्मा भाग कार्डावर जाणे स्वाभाविक आहे. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ती नंतर वाढवता येत नाही. नव्या मोठ्या खेळांसाठी, विशेषतः १४४०पी वर, ८ जीबी आता अपुरी पडू लागली आहे. काही वर्षे टिकेल असे कार्ड घ्यायचे असल्यास १२ जीबी किंवा त्याहून अधिक मेमरीचे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रोसेसर निवडताना त्याच्या सॉकेटचे (मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचे) आयुष्यही पाहावे. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये रायझन मालिकेतील पहिले प्रोसेसर आले, आणि त्याच सॉकेटसाठी २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी हा खेळांसाठी अत्यंत वेगवान प्रोसेसर आला. त्यामुळे अनेकांना जुना मदरबोर्ड तसाच ठेवून, केवळ बायोस (मदरबोर्डावरची मूळ प्रणाली) अद्ययावत करून, नवा प्रोसेसर बसवता आला. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीपर्यंत चालला, आणि २०२४ च्या अखेरीस आलेल्या प्रोसेसरांना नवा सॉकेट लागला. चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलण्याची इच्छा असेल, तर ही माहिती आजच विचारात घ्यावी.

भाग एकमेकांत बसतात का, हे तपासताना प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचा सॉकेट, रॅमचा प्रकार, ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंची या गोष्टी जुळवाव्यात. डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅमच्या पट्ट्यांवरील खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये जात नाही. पीसीपार्टपिकरसारख्या संकेतस्थळावर यादी भरल्यास बहुतेक विसंगती लगेच दिसतात. तरीही कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमधील मोकळी जागा हे दोन आकडे उत्पादकांच्या पानांवरून स्वतः पडताळलेले बरे, कारण पुढच्या बाजूला पाण्याने थंड करणाऱ्या कूलरचा रेडिएटर बसवला की ती जागा काही सेंटिमीटरांनी कमी होते.

तयार संगणकाची जाहिरात कशी वाचावी

‘आय७ प्रोसेसर, आरटीएक्स ग्राफिक्स, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, आरजीबी पंखे.’ अशा ओळी सर्रास दिसतात. या एका ओळीत काय सांगितलेले नाही, ते क्रमाने पाहू.

कोअर आय७ हे नाव इंटेलने २००८ पासून अनेक पिढ्यांच्या प्रोसेसरांना दिले, त्यामुळे पिढी आणि पूर्ण क्रमांक दिल्याशिवाय ‘आय७’ या शब्दाला काहीच अर्थ राहत नाही. जुना आय७ नव्या आय५ पेक्षा बराच मागे असू शकतो. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत पूर्ण क्रमांक दिलेला असला तरी तो पुरत नाही. एनव्हीडिया कंपनीचे जीटीएक्स १०६० हे कार्ड ३ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत विकले गेले, आणि त्यांत फरक केवळ मेमरीचा नव्हता: एकात ११५२ कोअर (गणना करणारे घटक) होते, दुसऱ्यात १२८०. आरटीएक्स ३०६० आधी १२ जीबी आणि १९२ बिटच्या मेमरी मार्गासह आले, नंतर त्याच नावाने ८ जीबी आणि १२८ बिटचे आले. आरटीएक्स ४०६० टीआयसुद्धा ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत आले. म्हणून विक्रेत्याकडून क्रमांक आणि मेमरी या दोन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात.

रॅमचा आकडा बरोबर असूनही तोटा होऊ शकतो. १६ जीबी ही ८ जीबीच्या दोन पट्ट्यांची असेल, तर प्रोसेसरला मेमरीचे दोन मार्ग मिळतात. एकाच पट्टीची असेल, तर एकच. खर्च वाचवण्यासाठी तयार संगणकांत अनेकदा एकच पट्टी बसवलेली असते, आणि ज्या खेळांत प्रोसेसरवर भार असतो तिथे त्याचा परिणाम स्पष्ट जाणवतो. एसएसडीच्या बाबतीत प्रकार विचारावा: साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटवर थांबते, तर एनव्हीएमई प्रकारातील चांगली एसएसडी पीसीआयई ४.० या वेगवान जोडणीवर ७००० च्या आसपास जाते. खेळ उघडण्याच्या वेळेत मात्र हा फरक आकड्यांइतका मोठा नसतो, त्यामुळे केवळ एसएसडीच्या वेगासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

पॉवर सप्लायवर जरा थांबणे आवश्यक आहे, कारण जाहिरातीत जो भाग सर्वांत आधी गाळला जातो तो हाच, आणि बिघडल्यास इतर भागांना इजा पोहोचवू शकणारा भागही हाच. ‘६०० वॉट’ एवढे लिहिलेले असल्यास उत्पादक आणि मॉडेल विचारावे. ‘८० प्लस गोल्ड’ असे लिहिलेले असल्यास त्याचा अर्थ इतकाच की निम्म्या भारावर तो सुमारे ९० टक्के कार्यक्षमतेने चालतो. आतल्या भागांना ४०० वॉट लागत असतील, तर भिंतीतून सुमारे ४४४ वॉट घेतले जातात आणि उरलेल्या ४४ वॉटची उष्णता होते. विजेचा दाब चढल्यास किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास पॉवर सप्लाय स्वतःला आणि इतरांना कसे वाचवतो, याविषयी ते चिन्ह काहीही सांगत नाही. त्यासाठी त्या नेमक्या मॉडेलची तपशीलवार परीक्षणे वाचावी लागतात आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते पाहावे लागते; उत्पादकाचा स्वतःच्या मालावर किती विश्वास आहे, ते या वर्षांवरून बरेचसे कळते.

क्षमता किती हवी, हे ग्राफिक्स कार्डावर ठरते. आरटीएक्स ४०६० ची वीज ११५ वॉट आहे आणि त्यासाठी एनव्हीडिया ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते. आरटीएक्स ५०९० ची ५७५ वॉट आहे आणि त्यासाठी १००० वॉट सुचवले जातात. तयार संगणकात आज पुरेल इतकाच पॉवर सप्लाय असेल, तर उद्या मोठे कार्ड घेताना तोही बदलावा लागेल.

त्यातही एक मोठी अडचण काही ब्रँडेड संगणकांत असते. एटीएक्स हे मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायचे प्रमाण इंटेलने १९९५ मध्ये आणले, आणि त्याच्यामुळेच कोणत्याही कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. परंतु काही मोठ्या कंपन्या आपल्या संगणकांत स्वतःच्या आकाराचा मदरबोर्ड आणि स्वतःच्या जोडणीचा पॉवर सप्लाय वापरतात. असा संगणक घेतला तर रॅम, एसएसडी आणि बहुधा कार्ड बदलता येते, पण मदरबोर्ड निकामी झाल्यास बाजारातला कोणताही मदरबोर्ड तिथे बसत नाही. विक्रेत्याला सरळ प्रश्न विचारावा: मदरबोर्ड मानक मायक्रो-एटीएक्स किंवा एटीएक्स आकाराचा आहे का, आणि त्याला २४ पिनांची नेहमीची जोडणी आहे का? आतल्या बाजूचे छायाचित्र मिळाल्यास उत्तमच. त्यात कॅबिनेटचा पुढचा भाग बंद काचेचा आहे की जाळीचा, हेही दिसेल; बंद काचेमागे कितीही पंखे लावले तरी त्यांना खेचायला पुरेशी हवा मिळत नाही.

आठही भागांची पूर्ण नावे जो विक्रेता देत नाही, त्याच्याकडून संगणक घेऊ नये. या लेखातील बाकी सल्ल्यांत परिस्थितीप्रमाणे थोडेफार इकडेतिकडे करता येईल. या एका बाबतीत मात्र तडजोड करू नये असे मला मनापासून वाटते.

हिशेब मांडताना

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवून किमती एकाच दिवशी लिहाव्यात. सुट्या भागांच्या बाजूला ऑपरेटिंग सिस्टीमचा परवाना धरायला विसरू नये. तयार संगणकासोबत येणारा विंडोजचा ओईएम (संगणक उत्पादकासाठीचा) परवाना त्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो, तर किरकोळ विक्रीचा परवाना नव्या संगणकावर नेता येतो. जुन्या संगणकावर असा परवाना असल्यास तेवढा खर्च वाचतो. लिनक्सवर खेळण्याचा विचार असल्यास आपले ऑनलाइन खेळ तिथे चालतात का हे आधी पाहावे, कारण काहींची फसवणूकविरोधी प्रणाली खेळ लिनक्सवर चालू देत नाही.

तयार संगणकाच्या बाजूला एक वेगळी बेरीज करावी: ज्या भागांना लवकर बदलावे लागेल, त्यांची किंमत त्यात मिळवावी. एकच पट्टी असलेली रॅम, जेमतेम क्षमतेचा पॉवर सप्लाय, ५१२ जीबीची एसएसडी या तिन्ही गोष्टी सहा महिन्यांत बदलायच्या असतील, तर जाहिरातीतली किंमत खरी किंमत नव्हे. एवढे करून जो फरक उरेल, तो जोडणीची मजुरी, चाचणी आणि एकत्रित वॉरंटी यांचा मोबदला समजावा. हा फरक एकूण किमतीच्या दहा टक्क्यांच्या आत असेल, तर तयार संगणकाला मी महाग म्हणणार नाही.

दोष कोणी शोधायचा

तयार संगणकाची खरी सोय एका गोष्टीत आहे: तो बिघडला की अख्खा संगणक विक्रेत्याच्या हवाली करता येतो. स्वतः जोडलेल्या संगणकात आठ भागांच्या आठ वॉरंट्या असतात. सुट्या भागांची मुदत पुष्कळदा जास्त असते, चांगल्या पॉवर सप्लायला तर सात किंवा दहा वर्षांचीही मिळते; परंतु कोणता भाग परत पाठवायचा, हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते.

हे काम किती फसवे असू शकते याचे उत्तम उदाहरण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरांनी दिले. अनेकांचे खेळ मध्येच बंद पडत आणि संदेश येई तो ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याचा. साहजिकच लोकांनी ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बदलले, कार्डे तपासली, रॅम बदलून पाहिली. प्रत्यक्षात दोष प्रोसेसरमध्ये होता: त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होते आणि तो हळूहळू अस्थिर होत होता. २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्याच्याकडे अदलाबदल करून पाहायला दुसरी रॅम किंवा दुसरे कार्ड नव्हते, त्याला असा दोष घरच्या घरी शोधणे जवळपास अशक्य होते.

तेव्हा स्वतःला विचारावे: संगणक पंधरा दिवस बंद राहिला तर चालेल का? एक-एक भाग काढून तपासण्याचा धीर आणि वेळ आहे का? तातडीला मदत करू शकेल असे कोणी जवळ आहे का? याच संगणकावर उपजीविका किंवा परीक्षेचा अभ्यास अवलंबून असेल आणि या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर चांगल्या, मानक भागांचा तयार संगणक घेणे हाच शहाणपणाचा निर्णय आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे काहीही कारण नाही. उलट ज्याला विशिष्ट आकार, शांतता किंवा ठरावीक भाग हवे आहेत, ज्याच्याकडे जुन्या संगणकाचे कॅबिनेट, एसएसडी किंवा पॉवर सप्लाय वापरण्याजोगे आहेत, किंवा जो दर दोन-तीन वर्षांनी एखादा भाग बदलणार आहे, त्याने स्वतः जोडावा.

या दोहोंच्या मधला तिसरा मार्गही आहे, आणि तो मी अनेकांना सुचवतो: भाग स्वतः निवडायचे आणि जोडणी मात्र विक्रेत्याकडून करून घ्यायची. यात यादी तुमची राहते आणि संगणक सुरू होऊनच हाती येतो. अट एवढीच, की बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक असावा, रिकामी खोकी परत मिळावीत, आणि जोडणीनंतर काही बिघडल्यास पहिली तपासणी कोण करील हे आधी ठरवावे.

स्वतः जोडायचे ठरल्यास

एक सबंध दिवस मोकळा ठेवावा, भरपूर उजेड असलेले टेबल घ्यावे आणि चुंबकी टोकाचा, फुलीच्या आकाराचा मध्यम स्क्रू ड्रायव्हर जवळ ठेवावा. काम सुरू करताना आणि अधूनमधून अर्थिंग असलेल्या एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एसएसडी कॅबिनेटच्या बाहेरच बसवावेत.

प्रोसेसर बसवण्याचा क्षण सर्वांत नाजूक असतो. आजच्या एएमडीच्या एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये बारीक, स्प्रिंगसारख्या पिना मदरबोर्डावरच असतात, आणि त्यांतील एकही वाकली तरी वॉरंटी बहुधा जाते. सॉकेटची तरफ बाजूला करून पट्टी उघडावी, प्रोसेसर दोन कडांनी धरावा, त्याच्या कोपऱ्यावरचा लहान त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवावा आणि तो सरळ खाली ठेवून बोट काढून घ्यावे. दाबायचे काहीच नसते. त्याच्या वजनानेच तो बसतो. त्यानंतर पट्टी मिटून तरफ खाली नेताना मात्र बराच जोर लागतो आणि कुरकुर ऐकू येते, ते स्वाभाविक आहे. वरचे काळे प्लास्टिकचे झाकण त्या वेळी आपोआप निसटते. ते जपून ठेवावे, कारण मदरबोर्ड परत पाठवताना ते लागते.

कूलरच्या तळाला पारदर्शक संरक्षक फिल्म असते, ती काढल्याशिवाय कूलर बसवू नये. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप) आधीच लावलेली नसेल, तर प्रोसेसरच्या मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब पुरतो. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे-थोडे आवळावेत. रॅमच्या दोन पट्ट्या बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. शेजारी-शेजारी बसवल्यास दोन मार्गांचा लाभ बहुधा जातो.

कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड ठेवण्याआधी पितळी आधारखुंट्या बोर्डाच्या भोकांखालीच आहेत आणि नको तिथे एकही नाही, हे पाहावे, कारण भलत्या ठिकाणच्या खुंटीने शॉर्ट सर्किट होऊ शकते. प्रोसेसरची ८ पिनांची वायर आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची वायर दिसायला सारख्या पण वेगळ्या असतात. प्रत्येकीवर नाव लिहिलेले असते ते वाचावे. जुन्या पॉवर सप्लायच्या सुट्या केबल नव्या पॉवर सप्लायला कधीही लावू नयेत. दुसऱ्या टोकाची जोडणी सारखी दिसली तरी पॉवर सप्लायकडील पिनांची रचना प्रत्येक कंपनी आपापली ठेवते, आणि चुकीची केबल लागल्यास एसएसडी किंवा मदरबोर्ड जळू शकतो.

मोठ्या एनव्हीडिया कार्डांवरील १६ पिनांच्या जोडणीबाबत विशेष काळजी घ्यावी. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या काही कार्डांवर ही जोडणी वितळल्याच्या तक्रारी आल्या, आणि प्लग पूर्ण आत न बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण ठरले. त्यानंतर जोडणीची सुधारित रचना आली. तरीही प्लग फट न राहता पूर्ण बसल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि वायर प्लगच्या अगदी जवळ वाकवू नये.

पहिल्यांदा सुरू करताना मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावावी. डीडीआर५ रॅम असलेला संगणक पहिल्या वेळी रॅमची जुळवणी करण्यात काही मिनिटे घेतो आणि तेवढा वेळ मॉनिटर काळाच राहतो. घाबरून मध्येच वीज बंद करू नये. अनेक मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट (ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होणे) अशी नावे असलेले चार लहान दिवे असतात. संगणक अडकला तर जो दिवा लागून राहतो, तिथून तपास सुरू करावा.

तयार संगणक घरी आल्यावर

खोके उघडतानाच चित्रण करून ठेवावे. बाजूचे झाकण काढून आत प्रवासासाठी भरलेला फोम किंवा हवेच्या पिशव्या असल्यास त्या आधी काढाव्यात; त्या तशाच ठेवून संगणक सुरू केल्यास पंखे अडकतात. ग्राफिक्स कार्ड आपल्या स्लॉटमध्ये सरळ बसले आहे का, एखादी वायर प्रवासात सैल झाली आहे का, ते पाहावे. मग पॉवर सप्लायवरचे लेबल, रॅमच्या पट्ट्यांची संख्या आणि कार्डाचे नाव विक्रेत्याने दिलेल्या यादीशी ताडावे. सुरू झाल्यावर सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड या मोफत साधनांनी हीच पडताळणी आतूनही करता येते. सोबत आलेले अनावश्यक प्रोग्राम काढून टाकावेत, किंवा विंडोज नव्याने बसवावी. परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असल्याने तो पुन्हा आपोआप सक्रिय होतो.

दोन्ही मार्गांसाठी पहिल्या आठवड्याच्या चाचण्या

बायोसमध्ये जाऊन रॅमचे एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी मांडणी) सुरू करावे. रॅमवर ६००० लिहिलेले असले तरी हे प्रोफाइल सुरू होईपर्यंत ती बहुधा ४८०० किंवा त्याच्या आसपासच्या मूळ वेगानेच चालते, आणि तयार संगणकांतही हे काम कधीकधी राहून गेलेले असते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचा वेगही पाहावा; १४४ हर्ट्झचा मॉनिटर तिथे ६० वर ठेवलेला आढळणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

त्यानंतर रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. त्यात एकही चूक दिसली तर आधी प्रोफाइल बंद करून पुन्हा तपासावे, आणि तरीही चूक आल्यास रॅम बदलून घ्यावी. पुढच्या दिवशी तापमान दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो उघडे ठेवून एखादा जड खेळ तासभर खेळावा आणि तापमानाची नोंद घ्यावी. रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंश सेल्सिअसपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, म्हणून तो आकडा केवळ पाहून दोष ठरवू नये. खेळताना मात्र तापमान सतत त्या मर्यादेला टेकत असेल आणि वेग घसरत असेल, तर कूलर नीट बसला आहे का आणि कॅबिनेटमधील हवा वाहते आहे का, ते तपासावे. खेळ मध्येच बंद पडणे, मॉनिटर क्षणभर काळा होणे, संगणक आपोआप पुन्हा सुरू होणे यांपैकी काहीही घडल्यास तारीख, वेळ आणि त्या वेळी चालू असलेला प्रोग्राम लिहून ठेवावा. विक्रेत्याशी बोलताना अशी नोंद तोंडी तक्रारीपेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

या सगळ्या चाचण्या माल परत करण्याच्या मुदतीत पूर्ण कराव्यात, कारण त्या मुदतीत भाग थेट बदलून मिळतो आणि ती उलटली की तोच भाग दुरुस्तीच्या रांगेत जातो. तोवर बिले, अनुक्रमांकांची छायाचित्रे आणि सर्व भागांची खोकी, आतल्या फोमसह, एकत्र ठेवावीत.